अडथळ्यांची वाट आणि परत फिरण्याचे धैर्य

शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात अडथळ्यांची शर्यत पाहिली नाही असा मनुष्य आपल्याकडे विरळा. बाकाखालून सरपटत जायचे, मोटारीच्या जुन्या टायरमधून अंग काढायचे, पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या आणि शेवटी धापा टाकीत दोरीला छाती लावायची, एवढाच त्या शर्यतीचा थाट असे. पहिला कोण आला हे चार दिवसांत विसरले जाई. टायरमध्ये अडकलेल्या गड्याची फजिती मात्र वर्षानुवर्षे सांगितली जाई.

त्याच शर्यतीने आता मोठे रूप धारण केले आहे. शहरांच्या सीमेवर, घाटमाथ्यावर व धरणांच्या परिसरात अडथळ्यांची खुली साहस उद्याने उभी राहिली आहेत. तेथे लाकडी भिंती, दोरांच्या जाळ्या, झुलते पूल आणि उंच खांबांवरून जाणारे तारेचे मार्ग असतात. सुटीच्या दिवशी बारा ते अठरा वर्षांची मुलेमुली मोठ्या उत्साहाने तेथे जाऊ लागली आहेत. घसरगुंडी व झोपाळ्याचे वय मागे पडले आहे आणि प्रौढांच्या करमणुकीत रस नाही, अशा या मधल्या वयाला ही जागा नेमकी मानवते. पालकांच्या मनात मात्र दोन प्रश्न उभे राहतात. हे सुरक्षित आहे काय? आणि यातून मुलांना खरोखर काही मिळते काय? या दोन्ही प्रश्नांचा परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

उगम

अडथळे ओलांडण्याचे शिक्षण हे मूळचे सैनिकांचे. त्याला नागरी शिक्षणाचे रूप देणाऱ्यांमध्ये फ्रान्सच्या नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. एका जागी उभे राहून करावयाच्या ठरावीक कवायतीने माणूस प्रसंगाला तोंड देण्यास समर्थ होत नाही, असे त्याचे मत होते. चालणे, धावणे, उडी मारणे, हातापायांवर रांगणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण व पोहणे अशा दहा गटांत त्याने आपली व्यायामपद्धती बसविली. १९१३ साली रीम्स शहरात सुरू झालेल्या क्रीडा महाविद्यालयाची धुरा त्याच्याकडे होती. बळ कमवायचे ते उपयोगी पडण्यासाठी, हे त्याच्या शिकवणुकीचे सूत्र. आजची मुले भिंतींवरून उड्या मारण्याच्या ज्या ‘पार्कूर’ खेळाच्या चित्रफिती पाहतात, त्याचे नाव व मूळ याच फ्रेंच परंपरेत आहे.

दुसरा प्रवाह इंग्लंडकडून आला. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजे बुडत असताना तरुण खलाशांच्या अंगी तग धरण्याची वृत्ती बाणावी म्हणून कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रेरणेने १९४१ साली वेल्समधील ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा निघाली. निसर्गातील अवघड प्रसंग हेच शिक्षणाचे साधन, हा विचार तेथून जगभर पसरला. पुढे १९६८ साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे वनातील पायवाटेवर ठिकठिकाणी व्यायामाचे टप्पे असलेला पहिला ‘विटा पार्कूर’ तयार झाला आणि सामान्य कुटुंबांसाठी अशा वाटा खुल्या झाल्या.

आपल्याकडेही ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट्टदादा देवधर यांनी नावारूपास आणलेल्या मल्लखांबात चढणे, तोल सांभाळणे व पकड या तिन्ही गुणांचा कस लागतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासून कार्यरत असलेल्या संस्थांनी देशी व्यायामप्रकारांची परंपरा जोपासली. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली, तेव्हापासून सरळ व नागमोडी तोलपट्टी, उंच भिंत, दुहेरी खंदक, उतरण अशा अडथळ्यांचा सराव महाविद्यालयीन छात्रांच्या परिचयाचा झाला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली व २०२५ साली दीक्षान्त संचलन करून बाहेर पडली. अडथळ्यांचे मैदान हे केवळ मुलांचे, हा समज त्यामुळे आता टिकण्यासारखा राहिलेला नाही.

या वयाला हे का हवे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसृत केलेल्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल आवश्यक आहे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा. प्रत्यक्षात काय आढळते? २०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेल्या जागतिक पाहणीत शाळकरी वयाच्या, म्हणजे ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ८१ टक्के मुले या मर्यादेपर्यंत पोहोचत नसल्याचे दिसून आले. शिकवणीचे वर्ग, भ्रमणध्वनीचा पडदा आणि आक्रसत गेलेली मैदाने यांचा विचार केला तर या आकड्याचे आश्चर्य वाटू नये.

किशोरवयात शरीर झपाट्याने वाढते. हातपाय आधी लांबतात व स्नायूंचे बळ मागाहून येते. त्यामुळे काल सहज उडी मारणारा मुलगा आज पायात पाय अडकून धडपडतो. आपल्याच शरीराची त्याला पुन्हा नव्याने ओळख करून घ्यावी लागते. तोलपट्टी, लोंबकळत जाण्याची आडवी शिडी, दोरांची जाळी यांवर ही ओळख चांगली होते. कारण येथे हात, पाय, दृष्टी आणि निर्णय यांना एकाच वेळी काम पडते. शिवाय येथे गुणपत्रिका नसते. वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलगी जाळीवर सर्वांच्या पुढे असू शकते, हा अनुभव तिला व तिच्या पालकांना सारखाच मोलाचा असतो.

मनाच्या बाजूने पाहिले तर उंची, वेग व अनोळखी जागा यांचे मुलांना वाटणारे आकर्षण स्वाभाविक आहे. नॉर्वेच्या संशोधिका एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांचे जे वर्गीकरण केले, त्यात उंची आणि वेग यांना प्रमुख स्थान आहे. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात मैदानी धाडसी खेळांचे महत्त्व मान्य करून एक उपयुक्त भेद सांगितला आहे. जे आव्हान मुलाला दिसते, ज्याचा अंदाज घेऊन ते स्वीकारायचे की नाही हे त्याला ठरविता येते, ती जोखीम. जी गोष्ट त्याला दिसतच नाही, किंवा दिसली तरी तिचे गांभीर्य कळण्यासारखे नसते, तो धोका. उंच फळीवरून चालणे ही जोखीम होय. ती फळी आतून कुजलेली असणे हा धोका होय. जोखमीचा निर्णय शक्य तितका मुलाचा असावा. धोका शोधून काढण्याचे काम मात्र सर्वस्वी मोठ्यांचे. साहस उद्यानाच्या भेटीतील पालकांचे कर्तव्य या एका भेदात सामावलेले आहे.

उद्यानाची रचना

या उद्यानांत सामान्यतः दोन प्रकारचे मार्ग असतात. पहिला जमिनीलगतचा. यात ओंडके, टायर, बोगदे, चिखलाचे खड्डे, तिरक्या भिंती व बुटक्या जाळ्या असतात. येथे पडले तर मूल जमिनीवरच पडते. म्हणून खाली वाळू, लाकडाचा भुसा किंवा रबराचा थर असणे महत्त्वाचे असते. मुरमाड, दगडी अथवा काँक्रीटची जमीन असल्यास कमी उंचीवरून पडूनही हात मोडू शकतो.

दुसरा उंचावरचा दोरमार्ग. झाडांवर किंवा खांबांवर मचाणे बांधून त्यांच्यामध्ये पूल, झुलत्या फळ्या व तारा लावलेल्या असतात. एक दोर पायाखाली व दोन हातांशी असलेला ‘बर्मा ब्रिज’ गिर्यारोहकांच्या परिचयाचा आहे. तारेला कप्पी अडकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत जाण्याच्या प्रकाराला झिपलाइन म्हणतात. या मार्गावर जाणाऱ्याच्या कमरेला व मांड्यांना हार्नेस नावाचा पट्टा बांधतात, डोक्यावर हेल्मेट असते आणि पट्ट्यापासून निघालेले दोन छोटे दोर खटक्याच्या कड्यांनी डोक्यावरच्या सुरक्षातारेत अडकवितात.

कड्या दोन असण्याचे कारण साधे आहे. मचाणावर पोहोचल्यावर पुढच्या तारेवर जाताना एक कडी सोडून पुढे अडकवायची आणि ती नीट बसल्यानंतरच दुसरी सोडायची. अशा रीतीने कोणत्याही क्षणी निदान एक कडी तारेत राहते. हा नियम मूल थकले, घाबरले किंवा गप्पांत रंगले की विसरण्याचा संभव असतो. म्हणून नव्या पद्धतींत एक कडी बंद असल्याशिवाय दुसरी उघडतच नाही अशी योजना असते. काही ठिकाणी तर सुरुवातीस लावलेली कप्पी मार्ग संपेपर्यंत सुटूच शकत नाही. आपण जात आहोत तेथे यांपैकी कोणती पद्धत आहे, हे पालकांनी अवश्य विचारावे. साधी दोन कड्यांची पद्धत असेल तर मुलाने ती जमिनीलगत पुरेशी घोटल्याशिवाय वर जाऊ नये.

तार जितकी ताठ तितकी ती मजबूत, असा एक समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दोन खांबांमध्ये २० मीटरचे अंतर आहे आणि ६० किलो वजनाचा मुलगा मधोमध लोंबकळतो आहे असे समजा. त्या ठिकाणी तार २ मीटर खाली येत असेल तर तारेवरचा ताण सुमारे १५० किलोच्या भाराइतका होतो. तीच तार ताणून केवळ १ मीटर झोक ठेवला तर ताण सुमारे ३०० किलोपर्यंत, म्हणजे दुपटीवर जातो. तारेचे स्वतःचे वजन व अचानक बसणारा हिसका यांचा भार आणखी निराळा. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. तार किती ताणावी, खांब किती खोल रोवावा आणि जिवंत झाडाला किती भार सोसेल हे प्रश्न अंदाजाने सोडविण्याचे नाहीत. ते अभियंत्याचे काम आहे. युरोपात अशा दोरमार्गांच्या बांधणीसाठी व संचालनासाठी १५५६७ क्रमांकाचे स्वतंत्र मानक आहे, ते यासाठीच.

आपल्या हवामानाचाही विचार करावयास हवा. घाटमाथ्यावरील चार महिन्यांच्या पावसात लाकूड कुजते, बोल्ट गंजतात व शेवाळ धरते. नायलॉनचा दोर भिजला की त्याचे बळ काही अंशी घटते आणि पुढे कडक उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात. म्हणून पावसाळ्यानंतर उद्यान पुन्हा सुरू करताना संपूर्ण तपासणी होणे अगत्याचे असते.

शासनाचे धोरण व पालकांची जबाबदारी

साहसी पर्यटनाला उत्तेजन मिळावे आणि त्याच वेळी त्यातील सुरक्षिततेला निश्चित चौकट असावी, या हेतूने महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनविषयक धोरण जाहीर केले. जमीन, पाणी व हवा या तिन्ही क्षेत्रांतील उपक्रमांचा त्यात समावेश असून आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आवश्यक ठरविले आहे. तत्पूर्वी २०१८ साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयानेही साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. तेव्हा नोंदणीचे प्रमाणपत्र पाहण्यास मागणे यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रवेशापूर्वी पालकांकडून एका पत्रकावर सही घेतात. ते वाचून सही करावी. सही केली म्हणजे आयोजकाच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपली, असे समजू नये. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. तथापि दाद मागण्याची वेळ येऊ न देणे हेच श्रेयस्कर. त्यासाठी काही प्रश्न विचारावेत. आज सकाळी मार्गाची तपासणी कोणी केली व त्याची नोंद कोठे आहे? प्रत्येक मचाणावर प्रशिक्षक आहे काय? हार्नेस मुलाच्या मापाचा आहे काय? प्रथमोपचाराची पेटी व जखमीला हलविण्याचे वाहन कोठे आहे? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : एखादे मूल मधोमध अडकले तर त्याला खाली कसे आणता व किती वेळात आणता?

या शेवटच्या प्रश्नाला विशेष कारण आहे. पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठत जाते. वेळ वाढत गेल्यास शुद्ध हरपण्याचा व प्राणावर बेतण्याचा संभव असतो. म्हणून अडकलेल्याला काही मिनिटांत सोडविण्याची साधने व ती वापरण्याचा सराव असलेली माणसे जागेवरच हवीत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविता येते. परंतु ती येईपर्यंत मूल तारेवर राहू शकत नाही.

प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात एका उद्यानात विचारला. समवेत चौदा वर्षांची कन्या व सोळा वर्षांचा पुतण्या होता. तिकिटे काढण्याच्या खिडकीवरील तरुणाने दुसऱ्याकडे पाहिले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. अखेर ‘आजवर कोणी अडकले नाही’ असे उत्तर मिळाले. शिडी विचारली, ती गावात गेली होती. हेल्मेटपैकी दोनांच्या हनुवटीच्या पट्ट्या तुटलेल्या होत्या. दीडशे किलोमीटरचा प्रवास झाला होता व मुलांचे डोळे झिपलाइनकडे लागले होते. तरीही परत फिरलो. संपूर्ण वाटेत दोन्ही मुले एक शब्दही बोलली नाहीत. घरी आल्यावर पुतण्या एवढेच म्हणाला, “काका, बाकीची एवढी मुलं जात होती ना!” त्याला देण्यासारखे समाधानकारक उत्तर त्या वेळी सुचले नाही. इतरांची मुले सुखरूप खाली उतरली होती, हेही खरे होते.

फळीवरचा प्रसंग

महिनाभराने दुसऱ्या एका उद्यानात जाण्याचा योग आला. येथे प्रश्न पुरा होण्यापूर्वीच प्रमुख प्रशिक्षकाने सुटकेचा दोर व कप्पी काढून दाखविली आणि तपासणीची वही पुढे केली. मुलांकडून जमिनीपासून दोन फुटांवरच्या तारेवर कड्या अडकविण्याचा सराव करून घेतला. चुकले की पुन्हा, पुन्हा चुकले की आणखी एकदा. यात अर्धा तास गेला. कन्येने चुळबुळ केली, परंतु प्रशिक्षकाने घाई केली नाही.

उंच मार्गावर आधी पुतण्या निघाला. अंगाने धट्टाकट्टा, शाळेच्या कबड्डी संघातला. पहिला पूल त्याने हसत पार केला. दुसऱ्या मचाणापुढे सुट्या फळ्या साखळ्यांनी टांगलेल्या होत्या. पहिल्या फळीवर पाय ठेवताच ती बाजूला सरकली आणि तो थबकला. तारेला घट्ट धरून तसाच उभा राहिला. खालून त्याच वयाच्या काही अनोळखी मुलांनी टाळ्या वाजवून आरोळ्या ठोकल्या. आणि, येथे कबूल केले पाहिजे, प्रस्तुत लेखकानेही आवाज चढविला : “अरे, घाबरतोस काय? हो पुढे!”

मचाणावरच्या प्रशिक्षकाने खाली वाकून शांतपणे सांगितले, “साहेब, आपण बोलू नका. त्याला ठरवू द्या.” मग त्याने मुलाला एवढेच विचारले, “पुढे जायचं की मागे? दोन्ही चालतं.” अर्धा मिनिट गेला असेल. पुतण्या मागे आला, कड्या एकामागून एक नीट बदलल्या आणि शिडीने खाली उतरला. त्याच्या मागून निघालेली कन्या त्याच फळ्यांवरून धडपडत पार झाली. तिचे कौतुक करावे तर याला लागेल, न करावे तर तिच्यावर अन्याय, अशी अवस्था झाली.

दुपारी डबा खाताना पुतण्याला विचारले, “माझ्या ओरडण्याचा राग आला का?” तो म्हणाला, “राग नाही आला. पण तुम्ही ओरडल्यावर पाय जास्त लटपटायला लागले.” थोडे थांबून पुढे म्हणाला, “आणि काका, त्या दिवशी तुम्हीपण परत फिरलातच की.” महिनाभरापूर्वी ज्या प्रश्नाचे उत्तर सुचले नव्हते, ते त्याने आपल्यापुरते शोधले होते.

सोबत्यांचा प्रभाव

त्या अनोळखी मुलांच्या टाळ्या व काकांची आरोळी यांचा परिणाम एकच होता. २००५ साली अमेरिकेतील गार्डनर व स्टाइनबर्ग या संशोधकांनी किशोर, तरुण व प्रौढ अशा तीन गटांना मोटार चालविण्याचा पडद्यावरील खेळ खेळावयास दिला. सोबती पाहत असताना किशोरांनी एकट्याने खेळताना घेतली त्याहून अधिक जोखीम घेतली. प्रौढांवर मात्र सोबत्यांचा असा प्रभाव आढळला नाही. किशोराला जोखीम कळत नाही असे नव्हे. सोबत्यांच्या नजरेपुढे ती नाकारणे त्याला कठीण जाते. साहस उद्यानात तर सोबती सदैव हजर असतात. म्हणून ‘नको’ म्हणण्याची वाट मोकळी ठेवणे हे पालकांचे व शिक्षकांचे काम ठरते. जेथे परत फिरण्याची मुभा नाही, तेथे पुढे जाण्याला धैर्य म्हणता येत नाही. ती केवळ सक्ती होय.

याचा अर्थ मुलाला प्रोत्साहनच देऊ नये असा नाही. “डावा पाय पुढच्या फळीच्या मध्यावर ठेव” ही सूचना मदत करते, “एवढंही जमत नाही?” हा प्रश्न अपाय करतो. भावंडांची तुलना टाळावी. तसेच मुलाने माघार घेतल्यावर लगेच “पुढच्या वेळी जमेल हं” असे सांत्वन करण्याचीही आवश्यकता नसते. त्याने आपली मर्यादा ओळखली आणि उंचावर, घाबरलेल्या अवस्थेतही कड्यांचा क्रम चुकविला नाही, हे लहान कार्य नव्हे.

भेटीची पूर्वतयारी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ आपल्याकडे अशा भेटीस उत्तम. एप्रिल–मे महिन्यांत, विशेषतः विदर्भ व मराठवाड्यात, सकाळी लवकर सुरुवात करून ऊन चढण्यापूर्वी परतावे. विजा चमकू लागल्यास उंच मार्गावरून सर्वांनी त्वरित उतरावे. ज्या उद्यानात असा नियम नाही तेथे थांबू नये.

अंगाला बसते पण हालचालीस अडथळा न आणणारे कपडे, मागून बंद असलेले व पकड असलेले बूट, आणि बांधलेले केस एवढा पोशाख पुरेसा असतो. ओढणी, गळ्यातील साखळी, अंगठी व कानातील लोंबते दागिने घरीच ठेवावेत. भ्रमणध्वनी खाली ठेवावा. उंचावरून स्वतःचे छायाचित्र काढण्याच्या नादात हात तारेवरून सुटतो. दोन तास आधी हलकी न्याहारी व बरोबर भरपूर पाणी असावे. दमा, फेफरे, हृदयविकार, नुकतेच मोडलेले हाड किंवा चक्कर येण्याची सवय असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा व प्रशिक्षकाला आधी सांगावे. मुलगी अथवा मुलगा ‘आज नको’ म्हणाला तर कारण खोदून विचारू नये.

उद्यानात प्रथम जमिनीलगतचे अडथळे, मग बुटका दोरमार्ग आणि शेवटी उंच मार्ग हा क्रम ठेवावा. अधिक चुका थकव्यामुळे होतात. तेव्हा ‘अजून एक फेरी’ हा आग्रह दिवसाच्या अखेरीस मोडून काढावा.

गावाच्या मैदानावर

खासगी उद्यानांचे शुल्क प्रत्येक कुटुंबाला परवडण्यासारखे नसते, हे मान्य केले पाहिजे. सुदैवाने या शिक्षणाचा मोठा भाग जमिनीवरच होतो. जमिनीत अर्धवट पुरलेले टायर, वीतभर उंचीवर आडवा बसविलेला तासलेला ओंडका, बांबूच्या चौकटीखालून सरपटण्याची वाट आणि उडीसाठी भुसभुशीत मातीचा खड्डा एवढ्या साहित्यात शाळेच्या आवारात उत्तम मार्ग तयार होऊ शकतो. क्रीडाशिक्षक, गावातील निवृत्त जवान व छात्रसेनेत असलेले माजी विद्यार्थी यांचे साहाय्य त्यासाठी घेता येईल. मल्लखांबाचा खांब असेल तर दुधात साखर. एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. उंचीवरचे दोरमार्ग व झिपलाइन हौसेने उभारू नयेत. वर दिलेला तारेच्या ताणाचा हिशेब विसरू नये.

आपल्या सह्याद्रीतील गडांच्या वाटा चढताना जाणता वाटाड्या नेहमी दोन गोष्टी पाहतो : पुढची पायरी आणि परतीची वाट. अडथळ्यांच्या उद्यानात मुलांना नेताना पालकांनीही हीच दृष्टी ठेवावी. धोका आपण शोधावा, जोखीम त्यांना तोलू द्यावी आणि परतीची वाट दोघांसाठीही खुली असावी. त्या सुट्या फळ्या पुतण्याने अद्याप ओलांडलेल्या नाहीत. दिवाळीच्या सुटीत पुन्हा जावयाचे ठरले आहे. तो त्या मचाणावरून पुढे जाईल की मागे येईल, हे त्याचे त्यालाच ठरवावयाचे आहे. खाली उभे राहून गप्प बसण्याचा सराव करणे एवढेच आता प्रस्तुत लेखकाच्या वाट्यास उरले आहे.